वाळल्या चाऱ्यासाठी यांत्रिक दंताळे : निवड व वापर

लसूणघासातील बहुतांश प्रथिने पानांत असतात. त्यामुळे दंताळ्याची निवड हा मूलतः पाने राखण्याचा प्रश्न होय. ट्रॅक्टरला जोडावयाच्या दंताळ्यांपैकी चाकी दंताळे स्वस्त व सुटसुटीत असते. परंतु त्याची दातेरी चाके जमिनीच्या स्पर्शाने फिरत असल्याने चाऱ्यात माती व खडे मिसळण्याची शक्यता अधिक असते. पीटीओवर चालणारे रोटरी दंताळे चारा हळुवार उचलून मोकळी ओळ घालते, मात्र ते महाग पडते. दंताळे कोणतेही असो, सुमारे ४० टक्के ओलावा असतानाच ओळी कराव्यात. ओलावा २० टक्क्यांखाली गेल्यास पाने झडून काड्याच उरतात. अशा वेळी सकाळच्या दवात काम उरकावे. दाते चाऱ्याखाली पोहोचावेत, पण माती उकरू नयेत. सारांश, यंत्राच्या किमतीइतकीच वापराची वेळही निर्णायक ठरते.