चाकांच्या गोष्टी (भाग 7) : ब्रेकवर चालणारी सायकल

तासावर सायकल भाड्याने मिळायची त्या दिवसांत कुणी ही सायकल आपल्या हाती दिली असती, तर आपण ती कोपऱ्यावरूनच परत नेऊन दिली असती. सीट नाही. गिअर नाहीत. मडगार्ड, घंटी, स्टँड यांचा तर प्रश्नच नाही. मागच्या चाकात हवा इतकी कमी, की पंक्चर असल्याची शंका यावी. रिमवर डांबराचे फराटे. आणि वर कहर म्हणजे सायकल नुसती हाताने धरून चालवत नेली, तरी चेन आपली फिरतेच आहे!

यातलं काहीही बिघडलेलं नाही. ही ट्रायल्सची सायकल आहे. दगड, ओंडके, सिमेंटचे पाइप, एकमेकांवर रचलेल्या लाकडी चौकटी अशा अडथळ्यांवरून पाय न टेकता पार व्हायचं, एवढाच हा खेळ. शर्यत नाही, कुणाला मागे टाकायचं नाही. मागच्या भागात आपण व्हेलोड्रोमवरची स्प्रिंट पाहिली. तिथे दोन गडी एकमेकांच्या मागे राहण्यासाठी ट्रॅकवर चक्क थांबून राहतात. स्प्रिंटमध्ये तो एक डाव असतो. ट्रायल्समध्ये सगळा खेळच थांबण्याचा. पायडल इथे दुय्यम, मुख्य हत्यार ब्रेक.

आपल्याकडे याची एक धाकटी बहीण आहे. गणेशोत्सवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘स्लो सायकलिंग’ व्हायचं, आठवतं? शेवटी पोचेल तो पहिला. आमच्या गल्लीत ही स्पर्धा नेहमी एक हडकुळा मुलगा जिंकायचा. एरवी कबड्डीत त्याला कुणी घेत नसे. तो हँडल किंचित वाकडं करून, पुढचा पाय पायडलवर तोलून असा काही उभा राही, की बाकीचे भराभर पाय टेकून बाद व्हायचे. तो नेमकं काय करतो हे तेव्हा कळलं नव्हतं. आता थोडं सांगता येईल.

चालती सायकल पडत नाही, कारण आपण सतत तिला पडण्यापासून वाचवत असतो. डावीकडे कललो, की नकळत हँडल डावीकडे वळतं आणि चाकं पुन्हा आपल्या वजनाखाली येतात. थांबलेल्या सायकलला ही सोय नाही. वळायला आधी पुढे तर जायला हवं. मग ट्रायल्सवाला काय करतो? दोन्ही ब्रेक घट्ट आवळून सायकलसकट उडी मारतो आणि चाकं जिथे हवीत तिथे, म्हणजे आपल्याच वजनाखाली, नेऊन ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं, हा उगीच टुणटुण करतोय. प्रत्यक्षात त्या प्रत्येक टुणटुणीत तो पडता पडता सावरत असतो.

दुसरी अडचण अडथळ्याच्या उंचीची. चाक पायरीवर चढतं ते पायरी त्याच्या त्रिज्येपेक्षा ठेंगणी असेल तरच. अक्षाच्या उंचीची पायरी समोर आली, की पुढे कितीही रेटा, चाक नुसतं धडक देऊन उभं राहतं. या खेळात दोन आकारांची चाकं चालतात, 20 इंची आणि 26 इंची. वीस इंची चाकाची त्रिज्या सुमारे 25 सेंटीमीटर, म्हणजे वीतभर आणि वर थोडी. आणि समोरचा ठोकळा असतो मीटरभर उंच, कधी त्याहूनही जास्त. तेव्हा ‘चढवणं’ हा पर्याय संपलाच. उरते फक्त उडी.

ती उडी कशी लागते, हे सांगण्यात मला सगळ्यात रस आहे. स्वार पुढचं चाक उचलून मागच्या चाकावर उभा राहतो. मागचा ब्रेक आवळलेला, चाक जागच्या जागी जखडलेलं. मग तो गुडघ्यात वाकतो, किंचित पुढे झुकतो, आणि एकाच क्षणात दोन गोष्टी करतो: ब्रेक सोडतो आणि पुढच्या पायाने पायडलला जोराचा दणका देतो. चाक जेमतेम पाव फेरा फिरतं, शरीर सरळ होऊन वर झेपावतं, हात सायकलला खालून ओढून घेतात. पलीकडच्या कडेवर मागचं चाक टेकतं न टेकतं तोच ब्रेक पुन्हा बंद. तो उशिरा लागला तर सायकल पुढे निसटून स्वार पाठीवर आपटतो.

आता सायकलच्या त्या विचित्र रूपाचा उलगडा होतो. साध्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये पायडल दाबल्यावर दात पकडेपर्यंत थोडा पोकळ फेरा जातो. रोजच्या रस्त्यावर तो जाणवतही नाही. पण इथे दणका तेवढाच आणि त्यातला इंच-दोन इंच पोकळीत गेला, तर उडी गेली. म्हणून या सायकलच्या फ्रीव्हीलला एका फेऱ्यात 72 किंवा 108 ठिकाणी पकड मिळते. 72चा हिशेब केला तर दर पाच अंशांवर एक. शिवाय हे फ्रीव्हील बहुतेक सायकलींत मागे नसून पुढे, क्रँकवर बसवलेलं असतं आणि मागचं चक्र चाकाला पक्कं जोडलेलं. म्हणून चाक फिरलं की चेन फिरणारच. हवा कमी ठेवायची ती टायर दगडाला चिकटून बसावा म्हणून. सीट नसते, कारण उडीत सायकल छातीपर्यंत वर येते. सीट असती तर नेमकी कुठे लागली असती ते सांगायला नको.

आणि ब्रेक. आपला ब्रेक सायकल हळूहळू थांबवण्यासाठी. इथे ‘हळूहळू’ला जागाच नाही. बरेच जण अजूनही तेलाच्या दाबावर चालणारा, रिमला धरणारा ब्रेक वापरतात. त्याची पकड वाढावी म्हणून नवीकोरी रिम ग्राइंडरने घासून मुद्दाम खरखरीत करतात. काही जण वरून डांबर फासतात. असा ब्रेक लागताना बदकाच्या कर्कश ओरडण्यासारखा आवाज येतो, आणि जाणकाराला त्या आवाजावरूनच कळतं की चाक जागेवर पक्कं बसलं की घसरलं.

हा खेळ आला मोटरसायकलवरून. स्कॉटलंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ओढे-दगडांतून मोटरसायकली नेण्याच्या ‘ट्रायल’ होत होत्या. 1965 साली सॅमी मिलर यांनी तिथली सहा दिवसांची प्रसिद्ध स्पर्धा बुल्ताको या स्पॅनिश गाडीवर जिंकली आणि स्पेनमधल्या कातालोनियात या प्रकाराचं वेडच पसरलं. बार्सिलोनातल्या माँतेसा कंपनीतून फुटून बुल्ताको निघालेली. भाऊबंदकीतली ईर्षा ती, माँतेसा गप्प कशी बसेल? तिने ‘कोता’ ही गाडी काढली, आणि तिच्या घडणीत मोठा वाटा होता पेरे पी या माणसाचा. पी स्वतः उत्तम स्वार. 1980च्या आसपास त्यांच्याच पुढाकाराने माँतेसाने मुलांसाठी इंजिन नसलेली छोटी ‘माँतेसिता’ आणली. खेळालाही तसंच नाव पडलं, ‘त्रियालसिन’. स्पॅनिशमध्ये ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’, मोटरशिवाय ट्रायल. पुढे पी यांनी ‘माँटी’ नावाची स्वतःची सायकल कंपनी काढली आणि त्यांचा मुलगा ओत या खेळात अनेकदा जगज्जेता झाला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाची पहिली जागतिक ट्रायल्स स्पर्धा झाली 1986 साली. ऑलिंपिकमध्ये मात्र या खेळाला अजून जागा नाही.

नियमांबद्दल थोडं, कारण त्यांत एक बदल झाला आहे आणि तो मला पुरता पटलेला नाही. मैदानावर फितींनी आखलेले तुकडे असतात. प्रत्येक तुकडा दोन मिनिटांत पार करायचा, शेजारी निरीक्षक उभा. जुन्या पद्धतीत पाय टेकला की एक दंडगुण, असे पाच झाले की तो तुकडा गेला. शेवटी ज्याच्या नावावर कमी गुण तो विजेता. शून्य ही सर्वोत्तम कामगिरी! नव्या पद्धतीत प्रत्येक तुकड्यात सहा फाटकं असतात आणि पार केलेल्या प्रत्येक फाटकाचे 10 गुण, म्हणजे पूर्ण तुकड्याचे 60. प्रेक्षकांना हे चटकन समजतं, फलकावर आकडे वाढताना दिसतात, हे खरं. पण न चुकणं हीच ज्या खेळात कमाई, तिथे शून्याची ती जुनी ऐट मला जास्त शोभून दिसायची. असो. महिलांचाही वेगळा गट आहे. स्वित्झर्लंडची कारिन मोर आणि नंतर जर्मनीची निना रायखेनबाख यांनी त्यात वर्षानुवर्षं दबदबा ठेवला.

स्पर्धेच्या फितीबाहेर हा खेळ जगाला दिसला तो एका सायकल दुरुस्त करणाऱ्यामुळे. डॅनी मॅकअस्किल हा स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या डनव्हेगनचा. एडिंबराला एका सायकलच्या दुकानात तो काम करायचा आणि उरलेल्या वेळात शहरभर भिंती, कठडे, जिने धुंडाळत फिरायचा. खोलीतल्या मित्राने, डेव्ह सॉवरबीने, महिनोन्‌महिने त्याचं चित्रण केलं आणि एप्रिल 2009 मध्ये साडेपाच मिनिटांची फीत यूट्यूबवर टाकली. थोड्याच दिवसांत ती लाखो लोकांनी पाहिली आणि डॅनीने दुकानातली नोकरी सोडली. पाच वर्षांनी तो आपल्याच बेटावरच्या कुलिन डोंगरांच्या धारेवरून सायकल घेऊन गेला. तीही फीत जगभर फिरली.

मला मात्र ती पहिलीच फीत पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते, आणि तिच्यातलाही सुरुवातीचाच भाग. वर टोकदार लोखंडी भाले असलेलं रेलिंग आहे. टोकांवरून सायकल न्यायची. डॅनी पडतो. परत चढतो, परत पडतो. हे सगळं त्याने कापून टाकलं नाही, उलट आरंभीच ठेवलं. मग एकदा मात्र तो थेट पलीकडच्या टोकापर्यंत जातो. गंमत अशी, की त्या रेलिंगवर थांबायची सोयच नाही. आयुष्यभर ब्रेकवर बोटं ठेवून शिकलेल्या माणसाला तिथे तेवढे काही क्षण ती सैल सोडावी लागतात.