‘सायकलवाला दिसलाच नाही!’

पुणे : सायकलला मागून धडक देणाऱ्या वाहनचालकाच्या तोंडून अपघातानंतर बहुधा एकच वाक्य बाहेर पडते, ‘तो दिसलाच नाही.’ अनेकदा ही सबब असते. पण पुष्कळदा ते खरेही असते. अंधारात, पावसात किंवा समोरच्या दिव्यांनी डोळे दिपलेले असताना सायकलस्वार खरोखरच दिसत नाही. दिसतो तेव्हा ब्रेक दाबायला वेळ उरलेला नसतो. हे असे का होते आणि ते टाळण्यासाठी सायकलस्वाराने, वाहनचालकाने व रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेने काय करायला हवे, याचा विचार आपल्याकडे अभावानेच होतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील सुमारे तीन टक्के, म्हणजे साडेचार हजारांहून अधिक, सायकलस्वार होते. एकूण संख्येपुढे हा आकडा लहान वाटेल. परंतु सायकलस्वाराच्या धडकेने मोटारीतील माणूस दगावल्याचे कोणी ऐकलेले नाही. या सामन्यात हरणारी बाजू आधीच ठरलेली असते.

सायकल कोण चालवते?

सायकल म्हटले, की हल्ली हेल्मेट घालून भल्या पहाटे सिंहगडाच्या दिशेने निघालेली हौशी मंडळी डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात रस्त्यावरचा बहुसंख्य सायकलस्वार वेगळा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. कारखान्यातील पाळी संपवून रात्री घरी परतणारा कामगार, इमारतीचा रखवालदार, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, कॅरिअरला दुधाच्या किटल्या लावलेला गवळी हे त्यातले लोक. त्यांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या नेमक्या अंधाराच्या असतात.

यात शाळकरी मुलींचीही भर आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. या सायकलींनी अनेकींचे शिक्षण वाचवले. मात्र डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा सुटून, जादा तास आटोपून पाच किलोमीटरवरच्या वाडीकडे निघालेल्या मुलीला राज्य मार्गाच्या कडेने, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या सोबतीने अंधारात सायकल चालवावी लागते. तिच्या सायकलला दिवा आहे काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दीड सेकंदाचा हिशेब

समोर काही तरी आहे हे डोळ्यांना जाणवणे, ते काय आहे हे मेंदूला उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यात साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ती २५ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हे अंतर बरेच वाढते.

आता दुसरी बाजू पाहा. मोटारीचे दिवे खाली, म्हणजे ‘डिप्पर’वर असताना गडद कपडे घातलेली व्यक्ती साधारण २५ ते ३० मीटरवर आल्यावरच नजरेस पडते. फिक्या रंगाच्या कपड्यांमुळे हे अंतर थोडे वाढते. प्रकाश परत फेकणारी पट्टी अंगावर असेल, तर तेच अंतर शंभर मीटरच्या पुढे जाते. थांबायला हवेत पन्नास मीटर आणि दिसते पंचवीस मीटरवर, असा हा आतबट्ट्याचा हिशेब आहे. वेग ताशी ४० किलोमीटरवर आणला, तर थांबण्याचे अंतर २७ मीटरच्या आसपास येते आणि हिशेब जेमतेम जुळतो.

सायकलस्वार त्याच दिशेने पुढे जात असेल, तर त्याला थोडी सवलत मिळते. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल आणि मागून ६० च्या वेगाने येणारी मोटार यांच्यातील अंतर दीड सेकंदात १९ मीटरने घटते. तोच सायकलस्वार रस्त्याच्या उलट बाजूने समोरून येत असेल, तर तितक्याच वेळात ३१ मीटर अंतर संपते. ‘समोरून येणारे वाहन आपल्याला दिसते, म्हणून उलट बाजूने जाणे बरे’ असा समज खेड्यापाड्यांत आहे. पायी चालणाऱ्यासाठी तो योग्य आहे, सायकलस्वारासाठी घातक.

रंग, रिफ्लेक्टर आणि दिवा

दिसण्याची साधने तीन आहेत आणि तिन्हींचे काम निरनिराळे आहे. त्यांची गल्लत केली, की खोटा दिलासा मिळतो.

पोपटी-पिवळा किंवा भडक नारिंगी असा ‘फ्लुरोसंट’ रंग सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरणे शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. म्हणून तो दिवसा, ढगाळ हवेत आणि तिन्हीसांजेला उठून दिसतो. मोटारीच्या दिव्यांत अतिनील किरणे जवळजवळ नसतात. त्यामुळे रात्री हा रंग साध्या फिक्या कापडासारखाच भासतो.

रिफ्लेक्टरचे तसे नाही. त्यातील बारीक लोलक किंवा काचेचे सूक्ष्म मणी प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. दिव्यामागे बसलेल्या चालकाला तो झगझगीत दिसतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला जेमतेम. मात्र दिव्याचा झोत त्याच्यावर पडला पाहिजे. आडव्या रस्त्याने चौकात शिरणाऱ्या सायकलच्या मागच्या रिफ्लेक्टरवर तो पडतच नाही. रिफ्लेक्टर धुळीने माखला, किंवा कॅरिअरवरच्या गवताच्या भाऱ्याने झाकला गेला, तरी तो निकामी ठरतो. केंद्र सरकारने सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून आयएसआय चिन्ह बंधनकारक केले; पण घरोघरी असलेल्या जुन्या सायकलींना त्याचा उपयोग नाही.

दिव्याला दुसऱ्याच्या प्रकाशाची गरज नसते. तो बाजूनेही दिसतो आणि ज्याच्या दुचाकीचा दिवा मिणमिणता आहे त्यालाही दिसतो. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये सुमारे ३८०० सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. त्यांतील जवळपास निम्म्यांच्या सायकलींना रात्रंदिवस आपोआप जळणारे दिवे बसवले होते. वर्षभरात या गटातील जखमी होण्याचे अपघात इतरांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाले.

दिवा नसलेल्या सायकलस्वाराला चौकात पोलिसाने अडवल्याच्या आठवणी पुण्यात जुनी मंडळी अजून सांगतात. चाकाला घासून फिरणारा डायनॅमो, मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टा, महापालिकेच्या कराचा बिल्ला हे सारे त्या काळातले. बिल्ला गेला ते ठीक. त्याबरोबर दिवाही गेला, हे मात्र महागात पडले.

हलणारा घोटा

केवळ चमकणे पुरेसे नसते. चमकणारी वस्तू म्हणजे माणूस आहे, हे चालकाला ओळखता आले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रात्रीच्या वेळी, इतर वाहतुकीसाठी बंद असलेल्या मार्गावर चालकांना मोटार चालवायला लावली. काळ्या कपड्यांतील सायकलस्वार फक्त दोन टक्के वेळा ओळखला गेला. फ्लुरोसंट जाकिटामुळे हे प्रमाण १५ टक्के आणि प्रकाश परतवणाऱ्या जाकिटामुळे ५० टक्के झाले. त्याच जाकिटाला घोट्यावरच्या व गुडघ्यावरच्या पट्ट्यांची जोड दिली, तेव्हा ते ९० टक्क्यांवर पोहोचले.

याचे कारण सोपे आहे. पेडल मारताना घोटा व गुडघा लयीत वर-खाली होतात आणि माणसाची हालचाल ओळखण्यात मानवी मेंदू तरबेज असतो. पायाच्या घोट्याभोवती गुंडाळलेली हातभर पट्टी महागड्या जाकिटाच्या बरोबरीचे काम करू शकते, हे कामगाराच्या खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दिवसा रंगाचाही उपयोग होतो. डेन्मार्कमध्येच सुमारे ६८०० स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना भडक पिवळे जाकीट देऊन वर्षभर नोंदी ठेवण्यात आल्या. जाकीट घालणाऱ्यांचे इतर वाहनांशी वा व्यक्तींशी टक्कर होऊन जखमी होण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले. त्यांनी काही अपघात कळवलेच नसतील ही शक्यता धरूनही ही घट ३८ टक्के होती.

पाहिले, पण जाणवले नाही

दिवा, पट्टी, जाकीट सारे असूनही अपघात होतात. चौकात चालक उजवीकडे-डावीकडे पाहतो, पण त्याची नजर मोटार आणि ट्रक शोधत असते. मान झटकन फिरवताना डोळे एका बिंदूवरून दुसऱ्यावर उडी मारतात आणि त्या उडीच्या क्षणी मेंदू दृश्य टिपत नाही. मोटारीच्या काचेलगतचा खांब अख्खा सायकलस्वार झाकू शकतो. ट्रक आणि बस यांच्या डाव्या बाजूला तर चालकाला न दिसणारी मोठी जागा असते. डावीकडे वळणाऱ्या अवजड वाहनाच्या त्या बाजूने पुढे जाण्याचा प्रयत्न म्हणूनच जिवावर बेततो.

शिवाय दिसल्यावरही चालक जागा देईलच असे नाही. इंग्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकलस्वाराचा पोशाख बदलत नेऊन शेजारून जाणारी वाहने किती अंतर सोडतात, हे मोजले गेले. हौशी खेळाडूचा वेश असो की चमकदार जाकीट, अंतरात फारसा फरक पडला नाही. ‘पोलिस’ हा शब्द आणि चित्रीकरण सुरू असल्याची सूचना ज्या जाकिटावर होती, त्यालाच वाहने थोडी अधिक जागा सोडत होती. म्हणजे दिसत सर्वांनाच होते. फरक पडला तो धाकाने.

चालक आणि यंत्रणा

सारा भार सायकलस्वाराच्या अंगावरील पट्टीवर टाकणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. जितके अंतर दिव्यांच्या उजेडात दिसते, तितक्या अंतरात थांबता येईल असाच वेग रात्री ठेवावा, हे चालकासाठी साधे सूत्र आहे. समोरून वाहन येत असताना ‘अप्पर’ तसाच ठेवणारा चालक समोरच्याला काही क्षण आंधळा करतो. त्या क्षणांत रस्त्याच्या कडेला कोण आहे, हे समोरच्याला कळत नाही. ओव्हरटेक करताना किती जागा सोडावी, हे काही देशांनी मीटरमध्ये लिहून ठेवले आहे. जर्मनीत २०२० पासून शहरात किमान दीड व शहराबाहेर दोन मीटर अंतर बंधनकारक आहे. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगासाठी किमान दीड मीटर असे नमूद आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ (१अ) आले. पादचारी आणि सायकलींसारखी इंजिन नसलेली वाहने यांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारांना दिला. असे नियम सहा महिन्यांत करावेत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना दिले. अधिकार मिळाल्यानंतर सहा वर्षांनी न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच सायकलस्वाराचे स्थान स्पष्ट होते.

पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच्या कितीतरी आधीपासून शहरात सायकल मार्गही बांधले गेले आहेत. मात्र ज्या मार्गावर दुचाकी उभ्या असतात, जो मध्येच विजेच्या खांबापाशी संपतो आणि चौकात अदृश्य होतो, तो सायकलस्वाराला सर्वांत धोक्याच्या जागी भर रहदारीत आणून सोडतो. चौकातील उजेड, ओळखू येणारे पट्टे आणि वेगाला आळा या तीन गोष्टी नसतील, तर आराखडा कागदावरच राहतो.

हे आजच करता येईल

सायकलस्वारांसाठी : पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावा, पुढच्या दिव्याचा झोत किंचित खाली असावा. मागचा रिफ्लेक्टर आठवड्यातून एकदा पुसावा व कॅरिअरवरचे ओझे त्याच्यावर येणार नाही असे बांधावे. दोन्ही घोट्यांना चमकणारी पट्टी बांधावी. रेनकोट गडद असेल, तर त्याच्या पाठीवरही पट्टी चिकटवावी. डावी बाजू सोडू नये आणि वळण्याआधी हात दाखवावा.

वाहनचालकांसाठी : दिव्यांच्या व समोरच्या काचा स्वच्छ ठेवाव्यात. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारीचे उजवीकडील दार चालकाने डाव्या हाताने उघडावे. त्यामुळे अंग आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. डावीकडे वळण्यापूर्वी आरशात पुन्हा एकदा पाहावे.

शाळा, कारखाने आणि ग्रामपंचायतींसाठी : साखर कारखान्यांच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना व ट्रॉलींना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा पश्चिम महाराष्ट्रात होतात. त्याच मोहिमेत शाळेच्या आवारातील आणि कारखान्याच्या फाटकापाशी लागलेल्या सायकलींचा समावेश करायला वेगळी यंत्रणा लागणार नाही. मुलींना सायकल देताना दिवा आणि घोट्याची पट्टी सोबत दिली, तर येणारा खर्च सायकलच्या किमतीपुढे नगण्य असेल. थंडीच्या दिवसांत अंधार पडल्यावरही मुलगी सुखरूप घरी पोहोचेल, याची तजवीज त्या सायकलबरोबरच व्हायला हवी.