रात्रींचें ओलीत आणि पहांटेची धांव

रब्बीचा हंगाम उभा राहिला म्हणजे वाडीच्या आसपासच्या गांवांत, लावा, द्रुगधामना, सुराबर्डीपासून तों कळमेश्वर-काटोलच्या संत्र्याच्या पट्ट्यापर्यंत, शेतकऱ्याची झोंप सूर्यावर न ठरतां विजेच्या फीडरावर ठरते. कृषिपंपांस तीन फेजांची वीज आळीपाळीनें मिळते. कांहीं दिवस दिवसा, कांहीं दिवस रात्रीं. रात्रींची पाळी आली कीं गव्हाच्या वाफ्यांत फावडें घेऊन उभें राहावें लागतें, व ज्या रात्रीं पाणी नसेल त्या रात्रीं रानडुकरें आणि रोही यांच्यासाठीं जागल चुकत नाहीं. २०१७ सालीं सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना आणि २०२३ चा तिचा दुसरा टप्पा यांचा हेतु दिवसा वीज देण्याचा आहे. जेथें ती पोंचली तेथील सभासदांस हा लेख निम्माच उपयोगी पडेल, आणि तो लवकरच सर्वत्र निरुपयोगी ठरावा अशी आमची इच्छा आहे.

अशा रात्रीनंतर पहांटे ४ वाजतां पाय धुऊन घरांत शिरलेल्या मनुष्यापुढें एक लहानसा पण रोजचा प्रश्न उभा राहतो. घरांतील तरुण मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत असतो व त्याचे सोबती ५ वाजतां मैदानावर जमतात. बापास मधुमेहामुळें रोज चालण्याचा सल्ला मिळालेला असतो. शिवाय वाडी ही आतां नुसती शेतकऱ्यांची वस्ती राहिलेली नाहीं. मालाचीं गोदामें, ट्रकांचे अड्डे, हिंगण्याचे कारखाने व अंबाझरीची आयुध निर्माणी यांमुळें एक भाऊ ओलितावर आणि दुसरा रात्रपाळीवर असें एकाच घरांत आढळतें. या सर्वांनीं उजाडतांच व्यायाम करावा, कीं अंथरूण गांठावें? नेम मोडूं नये, असें एक मत. झोंप झाली नाहीं तर काडीही उचलूं नये, असें दुसरें. आमच्या समजुतीप्रमाणें ही दोन्ही मतें एका गोष्टीची चौकशी न करतांच दिलेलीं आहेत. झोंप किती तास झाली, व किती रात्रींपासून ती कमी पडत आहे, हें आधीं मोजलें पाहिजे. आणि मोजलेंच पाहिजे, कारण अंगास काय वाटतें या साक्षीवर येथें विसंबतां येत नाहीं.

याचें कारण असें. मनुष्य जागा असतो तोंपर्यंत त्याच्या मेंदूंत अ‍ॅडेनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें व झोंपेंत त्याचा निचरा होतो. हें सांचणें म्हणजेच झोंपेची ओढ. याशिवाय शरीराचें स्वतःचें एक घड्याळ आहे. पहांटे ४ च्या सुमारास शरीराची उष्णता सर्वांत उतरलेली असते, व दिवस वर येऊं लागला कीं तेंही चढूं लागतें. रात्रभर जागलेल्या मनुष्यास सकाळीं ८-९ वाजतां "आतां बरें वाटतें" असें होतें तें या घड्याळामुळें. सांचलेलें द्रव्य कांहीं कमी झालेलें नसतें. पंपाचा पाईप दोन हात खालीं सोडल्यानें पाणी येऊं लागलें, म्हणून विहिरीस झरा फुटला असें कोणी समजत नाहीं.

अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी माणसांस १४ दिवस रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोंप दिली. अखेरीस त्यांची सावधानता व स्मरण इतकें घसरलें कीं कांहीं कसोट्यांत तें सलग दोन रात्रीं डोळा न लागलेल्या माणसाइतकें झालें. परंतु लक्षांत ठेवण्याची गोष्ट पुढेंच आहे: त्या माणसांना स्वतःला आपण फारसे पेंगत आहों असें वाटत नव्हतें. चार-पांच रात्रींच्या ओलितानंतर "मला आतां सवय झाली" असें जो म्हणतो, त्याची सवय याच जातीची असते.

आतां व्यायामाविषयीं. एका रात्रीच्या अपुऱ्या झोंपेनें अंगांतील बळ एकाएकीं जात नाहीं. पोतें एकदां उचलावयाचें तर तें बहुधा पूर्वीइतकेंच उचलतां येतें. जें कमी होतें तें टिकाव, चपळाई आणि तोल. तीच धांव जड वाटूं लागते, दम लवकर भरतो आणि पाऊल पडावयास हवें तेथें पडत नाहीं. शाळकरी खेळाडूंच्या २०१४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत ८ तासांहून कमी झोंपणाऱ्या मुलांत दुखापत झालेल्यांचें प्रमाण इतरांच्या १.७ पट आढळलें. स्नायूंची भरपाईही झोंपेवर अवलंबून असते: २०२१ च्या एका प्रयोगांत एक पूर्ण रात्र जागविलेल्या तरुणांच्या स्नायूंत नवीं प्रथिनें बनण्याचें काम १८ टक्क्यांनीं मंदावलें. अर्थात् जागरणावर केलेल्या कसरतीची मेहनत पुरी पडते व मिळकत अपुरी येते.

भरतीच्या उमेदवारांस हें विशेषेंकरून सांगावेसें वाटतें. १६०० मीटरची धांव ही टिकावाची परीक्षा आहे, आणि जागरणाचा घाव टिकावावरच बसतो. आठवड्यांत एकदोन दिवस धांव चुकल्यानें कमावलेला दम उतरत नाहीं; उलट २०११ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत बास्केटबॉल खेळणाऱ्या ११ तरुणांस कित्येक आठवडे रोज १० तास अंथरुणांत राहावयास लावलें, तेव्हां निराळी कसरत न वाढवितां त्यांची धांवण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली. आमच्या मुलांस १० तास कोठून मिळणार, हें आम्हांस ठाऊक आहे. पण दोन तासांची झोंप टाकून मैदानावर जाणारा मुलगा निष्ठेनें स्वतःचीच वेळ वाढवीत असतो, हें त्याच्या वडिलांनीं त्यास समजावून द्यावें.

मग प्रमाण काय धरावें? प्रौढ मनुष्यास ७ तासांहून कमी झोंप पुरत नाहीं, हें अमेरिकेंतील निद्रातज्ज्ञांच्या मंडळानें २०१५ सालीं जाहीर केलेलें मत सर्वमान्य आहे. यावरून पुढील अंदाज आम्ही आमच्या जबाबदारीवर देतों. एकाच रात्रीं झोंप कमी पडली असून ६ तासांच्या आसपास मिळाली असेल, तर नेहमींचा व्यायाम करण्यास हरकत नाहीं. ४ ते ६ तास मिळाली असेल तर चालणें, हातपाय मोकळे करणें इतकेंच करावें. सकाळच्या उजेडांत अर्धा तास चालल्यानें घड्याळ ताळ्यावर येतें व पुढील रात्रीं झोंपही चांगली लागते. ४ तासांहून कमी मिळाली असेल, किंवा लागोपाठ तिसरी-चौथी रात्र मोडली असेल, तर धांव, जोर-बैठका, कुस्ती हें सर्व बाजूस ठेवून तो वेळ झोंपेस द्यावा. मधुमेह्यानें चालणें सोडूं नये, पण तें झोंप काढून मग सायंकाळीं करावें. १९९९ च्या एका प्रयोगांत ११ निरोगी तरुणांस ६ रात्रीं रोज चारच तास झोंपूं दिलें, तेव्हां त्यांच्या शरीराची साखर पचविण्याची शक्ति स्पष्ट कमी झाली. तेव्हां झोंप विकून चालणें विकत घेण्यांत मधुमेह्याचा तोटाच आहे.

आपल्या वैद्यकानें हा विचार पूर्वींच केलेला आहे. चरकानें आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीनें निद्रेस शरीराचा आधारस्तंभ मानलें. वाग्भटाचें सांगणें तर ओलितवाल्यांसाठींच लिहिल्यासारखें आहे: सवय नसतां जागरण घडल्यास जितका वेळ जागलों त्याच्या निम्मा वेळ सकाळीं, कांहीं खाण्यापूर्वीं, झोंपून घ्यावें. व्यायामही अंगांतील शक्तीच्या अर्ध्यापर्यंतच करावा असा दंडक आहे. ज्या दिवशीं शक्तीच अर्धी, त्या दिवशीं तिचें अर्धें किती हें ज्यानें त्यानें पाहावें.

व्यायाम टाळला म्हणजे संकट टळलें असें मात्र नाहीं. मैदानावर न गेलेला मनुष्य मळणीयंत्रापाशीं उभा राहतो किंवा ट्रॅक्टरावर बसतो, आणि खरा धोका तेथें आहे. ऑस्ट्रेलियांत १९९७ सालीं असें मोजून पाहिलें कीं सलग १७ तास जागलेल्या मनुष्याचें हातकाम १०० मिलिलिटर रक्तांत ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या मनुष्याइतकें बिघडतें, व २४ तासांनीं सुमारें दुप्पट मद्य असल्यासारखें. आपल्या मोटार कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळीं ६ वाजतां उठून दुसऱ्या पहांटे ४ वाजतां पंप बंद करणारा २२ तास जागलेला असतो. त्यानें त्या सकाळीं मळणी, फवारणी, विजेच्या पेटीची दुरुस्ती व मालगाडी हांकणें यांपैकीं कांहींही करूं नये. निंदणी, खत पसरणें अशीं कामें करावींत.

एक गोष्ट पुरुष वाचकांस आवडणार नाहीं, तरी लिहितों. रात्रीं वाफ्यावर बॅटरी धरून घरधनीण उभी असते, व पहांटे घरधनी अंथरुणावर पडला कीं ती चुलीकडे वळते. वाग्भटाचा निम्मा वेळ तिच्या वांट्यास येत नाहीं. लोडच्या आठवड्यांत सकाळचा स्वयंपाक एकाच भाजीचा असावा आणि पाण्याची बारी नवराबायकोंनीं एकाआड एक रात्र वांटून घ्यावी, एवढें तरी घरोघर ठरवितां येण्यासारखें आहे.

झोंप साधण्याच्या कांहीं युक्त्या आहेत. लोड रात्रीं उशिरा येणार असेल तर संध्याकाळीं लवकर जेवून दोन-तीन तास आधींच काढावेत. पुढच्या जागरणापूर्वीं घेतलेली झोंप बरीच कामास येते. आठवडा दिवसाचा असो वा रात्रीचा, चोवीस तासांतील चार तास तरी रोज त्याच वेळीं झोंपण्यांत जावेत, म्हणजे घड्याळ फार ढळत नाहीं. दुपारची डुलकी २० मिनिटांची घ्यावी किंवा पुरी दीड तासाची. मधेंच उठल्यास डोकें जड राहतें, म्हणून उठल्यावर अर्धा तास तरी यंत्रास हात लावूं नये. चहाचा अंमल निम्मा उतरण्यास सुमारें ५ तास लागतात. पहांटेचा शेवटचा कप हा त्या सकाळच्या झोंपेचा वैरी समजावा. ठिबक बसविलेल्या बागेंत फावडें धरावें लागत नाहीं, व्हॉल्व्ह फिरवून परत येतां येतें. ऑटोस्विच लावून झोंपणें हा सोपा उपाय बहुतेकांनीं केलेला आहे, परंतु वीज येतांच सर्व पंप एकदम सुरू होऊन रोहित्र जळतें, म्हणून महावितरण तो काढावयास व कपॅसिटर बसवावयास सांगत असतें. रोहित्र जळलें तर पुढील कित्येक रात्रीं पाण्याविना जातात.

लोड नसलेल्या आठवड्यांतही, ७-८ तास झोंपून जो दिवसा पेंगतो व रात्रीं मोठ्यानें घोरतो, त्यास वरील हिशोब लागू नाहीं. झोंपेंत श्वास अडकण्याचा विकार असूं शकतो. त्यानें नागपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत किंवा आपल्या डॉक्टराकडे प्रकृति दाखवावी.