व्यसनमुक्तीची सावड

दारूपायीं गहाण पडलेल्या जमिनींच्या नोंदी आम्हीं महसुली दप्तरांत पुष्कळ केल्या. उपदेशक गांवोगांव होते, सोबती नव्हता.

सन १९३५ मध्यें अमेरिकेंत अॅक्रन शहरीं बिल विल्सन या दारू सोडलेल्या गृहस्थास पुन्हां मोह झाला. गुत्त्यांत न जातां त्यानें दुसरा मद्यपी शोधला. ते डॉक्टर बॉब स्मिथ. परस्परांच्या आधारें दोघेही सावरले व त्यांतूनच ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही संस्था निघाली. सन १९८६ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘मुक्तांगणां’तही व्यसनमुक्त माणसें रुग्णांस धीर देतात.

ही सावडच होय; दुसऱ्याचें शेत पेरतांना आपलीही पेरणी साधते. वाचकांनीं गांवांतील दारू सोडलेल्या माणसास या कामीं बोलवावें. मात्र दारू एकाएकीं सुटून कंप वा भ्रम झाल्यास आधीं डॉक्टर गांठावा.