दहा क्रमांकाचा सदरा

मावळातील कुसगावच्या परिसरात पावसाची सर ओसरली, की मुले चेंडू घेऊन ओल्या माळावर उतरतात. दोन दगड इकडे, दोन तिकडे ठेवले, की गोल तयार होतो. मग खेळ रंगतो. गोल अडविणाऱ्याचे काम नको असते, पण गोल मारणारा मात्र प्रत्येकाला व्हायचे असते. फुटबॉलमध्ये हे काम मुख्यतः ज्याच्याकडे सोपविलेले असते, त्याला आघाडीचा खेळाडू म्हणतात. दूर ब्राझील देशातून भारतात आलेल्या अशाच एका खेळाडूची ही हकीकत आहे. त्याचे नाव क्रिस्टियानो ज्युनियर.

ब्राझीलमध्ये फुटबॉल हा केवळ खेळ नाही. तो लोकांच्या जीवनाचाच एक भाग आहे. समुद्रकिनाऱ्याची वाळू असो वा शहरातील अरुंद गल्ली असो, तेथे मुले चेंडूशी खेळताना दिसतात. त्यांतून इतके निपुण खेळाडू तयार होतात, की त्या सर्वांना स्वदेशातील संघांत स्थान मिळणे शक्य नसते. म्हणून दरवर्षी शेकडो ब्राझिलियन खेळाडू करार करून परदेशी जातात. घर, भाषा, अन्न, हवा, सारेच बदलते. ओळखीचा असा एकच सोबती उरतो. तो म्हणजे चेंडू.

ज्युनियरचा जन्म १९७९ सालचा. भारतात तो प्रथम कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघाकडून खेळला. २००३-०४ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये त्याने पंधरा गोल केले. त्या वर्षी इतके गोल दुसऱ्या कोणीही केले नव्हते. विजेतेपदही ईस्ट बंगालनेच पटकाविले. परक्या देशात आलेल्या खेळाडूची ओळख त्याच्या पायांनीच करून दिली.

पुढच्या हंगामात तो गोव्याच्या धेंपो संघात आला. गोवा आणि ब्राझील यांच्यामध्ये हजारो मैलांचा सागर आहे. तरीही दोघांत एक जुने नाते आहे. या दोन्ही भूमींवर दीर्घकाळ पोर्तुगिजांची सत्ता होती. ब्राझील १८२२ साली स्वतंत्र झाला. गोवा १९६१ साली मुक्त झाला. ज्युनियरची मातृभाषा समजणारी वृद्ध माणसे गोव्यात अद्यापि आढळत. फुटबॉलचे वेड तर दोन्हीकडे सारखेच. संघाने त्याला दहा क्रमांकाचा सदरा दिला. ब्राझीलचा थोर खेळाडू पेले याने हाच क्रमांक गाजविला होता. त्यामुळे या आकड्याला मोठा मान आहे.

आघाडीच्या खेळाडूचे काम दिसते तितके सोपे नसते. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच तो कोठे पडेल, हे त्याला ओळखावे लागते. क्षणभर आधी धावले तर संधी हुकते; क्षणभर उशीर झाला तर प्रतिस्पर्धी चेंडू नेतो. बहुधा गोलरक्षकही त्याच क्षणी त्याच चेंडूकडे झेपावत असतो. त्यामुळे जेथे यश मिळते, तेथेच धोकाही असतो.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाचा अंतिम सामना झाला. धेंपोसमोर कोलकात्याचा मोहन बागान संघ होता. पहिला गोल ज्युनियरने केला. सामना संपत आला असता तो पुन्हा चेंडू घेऊन पुढे घुसला. चेंडू जाळ्यात गेला. पण त्याच वेळी गोलरक्षकाशी त्याची जोराची धडक झाली. ज्युनियर कोसळला तो पुन्हा उठला नाही. त्याला रुग्णालयात नेण्यात आले. परंतु त्याचे प्राण वाचले नाहीत. धेंपोने दोन गोलांनी चषक जिंकला. दोन्ही गोल ज्याचे होते, तो मात्र आनंद करावयास उरला नव्हता. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

त्याच हंगामात धेंपोने राष्ट्रीय लीगही प्रथमच जिंकली. यापुढे दहा क्रमांकाचा सदरा कोणालाही द्यावयाचा नाही, असे क्लबने ठरविले.

मैदानावर मिळालेल्या उपचारांविषयी तेव्हा पुष्कळ टीका झाली. ती समजण्यासाठी हृदयाचे कार्य ध्यानात घ्यावे लागते. हृदय एकाएकी बंद पडले, म्हणजे मेंदूला रक्त मिळत नाही आणि काही मिनिटांतच त्यास इजा होऊ लागते. अशा वेळी छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाब देत राहावे लागते. हृदयाला विजेचा नियंत्रित धक्का देणारे यंत्रही जवळ असावे लागते.

याचा प्रत्यय १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे आला. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन हा खेळाडू सामना चालू असतानाच कोसळला. वैद्यकीय पथकाने तत्काळ धाव घेतली, छातीवर दाब दिला, विजेचा धक्का दिला. त्याचे प्राण वाचले. २०२२ साली तो पुन्हा मैदानावर उतरला आणि २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत त्याने गोलही केला.

माळावर खेळणाऱ्या मुलांनी या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सवंगडी पडून निपचित राहिला, तर खेळ तेथेच थांबवावा. मोठ्या माणसांना हाक मारावी आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीवर दाब कसा द्यावयाचा, हे जाणत्याकडून शिकून घ्यावे. चुकलेला गोल उद्या मारता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही. ज्युनियरचा तो सदरा हेच सांगत आहे.