कवटी दिसली, ओळख राहिली

पाठीवर कवटीची खूण असलेला थोराड पतंग दिव्यावर आला की त्याचे फोटो हातोहात फिरतात आणि खाली ‘डेथ्स हेड’ असे नाव पडते. पण एवढ्याने जात ठरत नाही. ही कवटी अ‍ॅकेरोन्शिया वंशातल्या तिन्ही जातींवर असते. अ‍ॅट्रोपॉस युरोप-आफ्रिकेकडची म्हणून सोडली, तरी आपल्याकडे स्टिक्स आणि लॅकेसिस उरतातच. त्यांतला ठळक फरक मागच्या पंखांवर असतो : स्टिक्सचे बरेचसे पिवळे, लॅकेसिसचे बुडाशी काळे. बसलेला पतंग नेमके हेच पंख झाकून घेतो, त्यामुळे फोटोत हमखास येते ती तिघांची सामाईक खूण. पतंग न मारता ओळख पटवावी हा आग्रह रास्तच आहे, आणि इथे तो पाळताही येतो. पुढचा पंख अलगद सरकवून आणखी एक फोटो घेतला की पुरते. पतंगांच्या काही गटांत मात्र जननेंद्रिये तपासल्यावाचून जात सांगताच येत नाही.

जात नक्की झाली तरी नोंदींच्या नकाशावरच्या ठिपक्याचा अर्थ लगेच लागत नाही. हे पतंग दमदार उडणारे. अ‍ॅट्रोपॉस तर आफ्रिकेकडून थेट ब्रिटनपर्यंत पोचतो. दिव्यामागच्या पांढऱ्या पडद्यावर पतंग आला, तर तो तिथे पोचला एवढेच सिद्ध होते; वस्तीचा पुरावा अळी देते. तीळ, वांगे अशा झाडांवर ती वाढते आणि जमिनीत कोष करते. कारवारला राहिलेल्या टी. आर. बेल यांनी अळ्या पाळून, खाद्यवनस्पती नोंदवून अभ्यास केला. सहलेखक स्कॉट यांच्यासोबतचा त्यांचा या पतंगांच्या कुळावरचा ग्रंथ 1937 साली आला. अळ्या शोधणे वेळखाऊ आहे आणि दिवा एका रात्रीत कितीतरी जाती दाखवतो, हे खरेच. पण दिवा लावणारे जिथे जातात तिथेच ठिपके पडतात, आणि रिकामा तालुका ‘पतंग नसलेला’ ठरतो. वाट चुकलेली मादीही अंडी घालू शकते, हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. म्हणून एका अळीवर थांबू नये. त्याच शिवारात दर हंगामात पाहावे, अळी मिळाली तर पाल्यावर वाढवावी, डब्यातल्या मातीत कोष होऊ द्यावा आणि पतंग बाहेर आला की मागचे पंख पाहूनच नाव लिहावे. काही मिळाले नाही, तर तेही तारखेसह लिहून ठेवावे.