बाईकची चेन घरी, ब्रेक मेकॅनिककडे!

पावसाळ्यात चेन करकरायला लागली की लगेच गॅरेज गाठायची गरज नाही. हे काम घरीच होतं.

🔧 गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद. चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटं अडकतात.

🔧 रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, त्याने चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात.

🔧 कोरडी पुसून चेनच्या आतल्या बाजूला ९० नंबरचं गिअर ऑइल. चाक फिरलं की ते बाहेर पसरतं. जादा ऑइल पुसा, नाहीतर धूळ चिकटते.

🔧 ढिलेपणा साधारण २ ते ३ सेंमी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

दर ५०० किमीला एवढं केलंत तर चेन-स्प्रॉकेट जास्त टिकतात.

एअर फिल्टर, प्लगही घरी जमतात. पण डिस्क ब्रेक, फोर्क, क्लच यांना हत्यारं आणि सराव लागतो. ब्रेक ऑइलमध्ये हवा राहिली तर लिव्हर पोकळ दाबला जातो, ब्रेक नीट लागत नाही. तिथे मेकॅनिकची मजुरी खुशाल द्या, आणि शेजारी उभं राहून काम बघा. खूप शिकायला मिळतं!